डोंगराचा विडा

लुराह तापियान
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय एल्मी,

सलाम. तुझ्या कादंबरीची पहिली आठ प्रकरणं पोचली. जकार्ताच्या बसवाल्याने पाकीट नेहमीसारखं बाजारात मास्वीर शिंप्याच्या दुकानात टाकलं होतं, तिथून गुस्नीने आणलं. चुलीपाशी बसून तिने मोठ्याने वाचलं आणि मी मिरच्या वाटता वाटता ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं होतं, फार हुरळून जाऊ नकोस.

लिहितेस बरं. घर आपलंच आहे हे दुसऱ्या ओळीलाच कळलं. पण तुझी नायिका चांदण्यात डोंगराशी बोलते, हे काय गं? डोंगराशी कोण बोलतं? आपण वर जातो ते सरपणाला, दालचिनीची साल काढायला, नाहीतर झऱ्याचा पाट तुंबला की गाळ उपसायला. बोलत बसलो तर भात कोण शिजवणार?

दुसरं सांगायचं ते तुझ्या खलनायकाबद्दल. मोटारीतून उतरतो, सोन्याचा दात चमकवतो, दुष्ट हसतो. असा माणूस इथे आला तर पोरं त्याच्यामागे ओरडत फिरतील, घाबरणार कोण? घराण्याची जमीन बाहेरच्याला घेताच येत नाही, तुला ठाऊक आहे. आतून कुणीतरी कडी काढावी लागते. तुझ्या खलनायकाचा सोन्याचा दात काढ आणि त्याला आपल्या आईचं नाक दे. मग बघ वाचणारी कशी घाबरते.

हे मी उगाच लिहीत नाही. नदीपलीकडचा डोंगर चुनखडीच्या कंपनीने घेतला ते तुला मागे कळवलंच होतं. आता रोज सकाळी सुरुंग लागतात. आपल्या फडताळातल्या बश्या थरथरतात. पलीकडच्या शेतात भाताची पानं पांढरी पडलीत आणि त्यांचा झरा तर आटलाच. तिथल्या बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर बसतात, त्यांच्या वाडवडिलांनी कधी पाणी विकत घेतलं नव्हतं. मी सुरुंग उडायच्या आधीच उठून बसते. उडाला की मग चूल पेटवते.

आणि दादा हल्ली रोज येतो. घराण्याचा प्रमुख, दातुक झाल्यापासून सणावारी यायचा, आता रोज. मासे आणतो. ओसरीवर बसतो, आपल्या तारोकच्या डोंगराकडे बघतो, आणि म्हणतो, "माई, गुस्नी मोठी झाली हो." एवढंच म्हणतो आणि जातो.

एल्मी, घराण्याची जमीन चारच कारणांसाठी गहाण टाकता येते. घरात मढं पडलं आणि मातीला पैसे नाहीत. घराचं छप्पर गेलं. दातुकपद उभं करायचं. नाहीतर घरात उपवर मुलगी आहे आणि लग्नाला काही नाही. आपलं छप्पर धड आहे, आपण सगळे जिवंत आहोत, दातुक आहे. राहिली कोण? म्हणून ते 'मोठी झाली हो' मला साधं वाटत नाही.

माझी पोर तर भलत्याच आनंदात आहे. बुकिततिंगीच्या परिचारिकांच्या शाळेत तिला जागा मिळाली. जुलैत जायचं. लग्न झालेली मुलगी तिथे घेत नाहीत, म्हणून मी लग्नाचा विषयही काढू देत नाही.

दादा मला म्हणाला होता, जमीन बायकांची, घरात तुम्ही दोघी बहिणी, दोघींची नाही असेल तर माझं तोंड बंद. तेव्हा तू तिकडे घट्ट राहा. बाकी काही करू नकोस.

तुझी ताई,
रोस्माइनी


जकार्ता
१४ फेब्रुवारी १९८६

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. तू टीकाकार म्हणून वर्तमानपत्रात असतीस तर अर्ध्या लेखकांनी भाताची शेतं धरली असती. पण खलनायकाच्या नाकाचं पटलं. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकबाईंनाही सांगितलं, त्या हसत सुटल्या. त्या म्हणतात, जमीन राखायची कादंबरी म्हणजे भाषण नको. स्वयंपाकघर दिसू दे, डोंगर खिडकीतून दिसला की पुरे. बाईच्या हातातलं भांडं हललं की वाचणारीला कळलं पाहिजे, डोंगर हलला. तुझ्या बश्या मी दहाव्या प्रकरणात घेतेय, रागावू नकोस. झरा म्हणजे आई असं मी सुचवलंय, तेही त्यांना आवडलं. फक्त शेवट आनंदाचा हवा, ही त्यांची अट आहे. दर आठवड्याला बायका दुकानात उभ्याने वाचतात म्हणे, त्यांना रडवून घरी पाठवायचं नाही.

आता खरी बातमी ऐक. दादा आला होता.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. उघडते तर दादा, डोक्याला दातुकाचं फडकं, बरोबर आपल्या घराण्यातले दोन म्हातारे. हातात आपल्या घरचं विड्याचं पितळी तबक, वर आईने भरतकाम केलेला रुमाल. ताई, तीस पावलांवर रिक्षांचा गोंगाट आणि माझ्या दारात ते तबक. मला रडूच आलं. यांना दुकानातून बोलावणं धाडलं. दादाने रेंदांगचा, नारळात आटवलेल्या मांसाचा डबा आणला होता, तुझ्या हातचा नव्हता, पण होता.

मग तो बसला आणि बोलायला लागला. तेच जुनं बोलणं, एकाला एक जोडलेलं, लहानपणी आपण दाराआडून ऐकायचो तसं. अकरा वर्षांनी कानावर पडलं. गुस्नीचं लग्न करायचंय, दोन खोऱ्यांपलीकडचं मोठं घर आहे, आम्ही धाकटीला विचारायला आलोत. मी विडा उचलला आणि खाल्ला, म्हणजे हो म्हटलं. तुला मला आधी कळवता आलं नाही होय गं? स्वतःच्या भाचीचं लग्न मला म्हाताऱ्यांच्या तोंडून कळावं?

शाळेचं तुझं पत्र दादा गेल्यावर पोचलं, म्हणून मी गोंधळले. बहुतेक लग्न शाळा झाल्यावर करणार असाल. ते जाऊ दे. पण तो प्रसंग मी नवव्या प्रकरणात जसाच्या तसा घातलाय. दारातलं तबक, भावाचे धुळीने भरलेले बूट, नायिकेने विडा तोंडात टाकला आणि तिला गावचं पाणी आठवलं. आतापर्यंत लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. सोबत पाठवतेय.

तुझी,
एल्मियार


लुराह तापियान
२२ फेब्रुवारी १९८६

एल्मी,

नववं प्रकरण वाचलं. गुस्नी वाचत होती, मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मीही बघत राहिले. भात करपला.

तुझ्या प्रकरणात भाऊ बोलतोय, आणि त्याचं बोलणं चालू असतानाच बाई विडा तोंडात टाकते. हे तू लिहायला म्हणून लिहिलंस, की असंच झालं?

मला खरं सांग. बोलणं संपायच्या आधी खाल्लास की नंतर? खाल्ल्यावर दादा आणखी काय बोलला? शब्दन् शब्द लिही. तिथे कादंबरी करू नकोस.

मी कुणाचं लग्न ठरवलेलं नाही. या घरात लग्नाचा विडा आलेलाच नाही.

रोस्माइनी


जकार्ता
२ मार्च १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हापासून अन्न जात नाही. लिहिते.

आधी खाल्ला.

मला विसर पडला, ताई. इथे कुणी विडा पुढे केला तर माणूस घेतो, खातो, झालं. आपल्याकडे हातात धरून बसायचं असतं, बोलणाऱ्याने शेवटचा शब्द टाकेपर्यंत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईने दहा वेळा हातावर मारलं असेल. पण तबक बघून मला भरून आलं होतं, आणि दादाच म्हणाला, "घे गं, किती वाळलीस," म्हणून घेतला आणि तोंडात टाकला. दादा थांबला. हसला. त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं. मग त्याने बोलणं पुढे चालवलं.

तेव्हा म्हणाला, लग्न घराण्याला शोभेलसं करायचं, रेडा कापायचा, सात दिवस मांडव राहील, आणि त्यासाठी तारोकचा डोंगर तीस वर्षं कंपनीकडे गहाण राहील. अगदी स्पष्ट म्हणाला. आवाज न चढवता.

विडा माझ्या तोंडात होता. थुंकायला हवा होता का? तूच सांग. दातुकाच्या पुढ्यात, दोन साक्षीदारांसमोर, यांच्या देखत? मी गिळला. यांना त्यातलं काही कळलं नाही, हे आपले म्हाताऱ्यांना चहा देत होते.

मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण मी स्वतःशीच म्हटलं, दादाने ते सहज जोडून टाकलं असेल, तू तिथे आहेसच, तू नाही म्हणशील. आणि पानावर तो प्रसंग इतका सुंदर उतरला की मलाच तो तसा आठवायला लागला. मी किती मूर्ख आहे.

निघताना दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "एल्मी मला चारचौघांत खाली बघायला लावणार नाही, ठाऊक आहे मला." तुला आठवतं ना, दादाने आपल्यावर कधी हात उगारला नाही. तो गप्प व्हायचा. तो गप्प झाला की घरात कुणी जेवत नसे. त्याने कॉफीची पोती वाहून माझ्या शाळेची फी भरली, ताई. मला त्याच्या आवाजाची भीती कधी वाटली नाही. त्याच्या गप्प बसण्याची वाटते, अजून वाटते.

आता काय करायचं?

तुझी,
एल्मी


लुराह तापियान
१० मार्च १९८६

प्रिय एल्मी,

रडून झालं असेल तर ऐक.

परवा दादाला विचारलं. ओसरीवर बसला होता, समोर कॉफी ठेवली आणि विचारलं, "दादा, डोंगर गहाण टाकतोयस?" तो म्हणाला, "धाकटीने विडा खाल्लाय." मी म्हटलं, "बोलणं संपायच्या आधी खाल्लाय." तर म्हणे, "म्हणजे माझ्यावर पूर्ण भरवसा ठेवून खाल्लाय. दोन म्हाताऱ्यांनी पाहिलंय. तुझी नाही, तिची हो, आता कौल दातुकाचा."

मी भांडले. म्हटलं, नदीपलीकडे बघ, तिथल्या बायका टँकरमागे धावतात. तीस वर्षांनी कंपनी काय परत करेल, खड्डा? त्याने कॉफी बाजूला सरकवली. मग जे बोलला ते तुला सांगते, कारण त्यानंतर मला धड रागावताही येईना. म्हणाला, "माई, आयुष्यभर मी तुमच्या भाताची राखण केली. माझी स्वतःची पोरं त्यांच्या आईच्या घराण्याची. त्यांच्या आईकडे वीतभर जमीन नाही. दातुकाची पोरं बाजारातून तांदूळ विकत आणून खातात. कंपनी माझ्या थोरल्याला कायमची नोकरी देतेय. राखणदाराने एकदा तरी स्वतःच्या घरी काही न्यावं की नाही?"

आपलेच दात नि आपलेच ओठ. उठताना म्हणाला, "सोमवारी, एकतीस तारखेला घराण्याची बैठक आहे. तिथे शब्द पक्का होईल." आणि कॉफी न पिता गेला.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर गेले तर तारोकच्या मोठ्या झाडावर लाल रंगाचा पट्टा. खाली दगडांवरही. मोजणीवाले येऊन गेले आणि मला भांडं घासताना कळलंही नाही. मी पट्टा काथ्याने घासत बसले. जात नाही. हात लाल झाले आणि मला एकदम असं भ्यायला झालं की घागर तिथेच टाकून पळत खाली आले. या वयात पळाले, एल्मी. स्वतःच्या डोंगरावरून.

आणि तू झरा म्हणजे आई असं लिहितेस. झरा झराच राहू दे. त्याला आई केलंस तर लोक रडतील आणि घरी जातील. झरा म्हणून लिही, म्हणजे त्यांना तहान लागेल.

आता उपाय एकच आहे. मी थोरल्या बायकांना विचारून आले. चुकून खाल्लेला विडा परत करता येतो. पण पत्राने नाही, निरोपाने नाही. जिने खाल्ला तिनेच घरात येऊन, बैठकीत बसून, नवा विडा तबकात ठेवायचा आणि म्हणायचं, माझा शब्द मी परत घेते. बस्स. दादा तुला मारणार नाही. गप्प बसेल. बसू दे. त्याच्या गप्प बसण्यात एक दिवस काढायचा आहे तुला, आम्ही इथे रोज काढतो.

तू आलीस तर डोंगरही राहतो आणि पोरीची शाळाही. नाही आलीस तर दोन्ही जातात, कारण लग्न मे महिन्यात उरकायचं ठरवलंय त्याने. गुस्नीला सगळं ठाऊक आहे. तिने गणवेशाचं कापड कापायला टाकलंय. म्हणते, "मावशी येईल. जिने एवढी धीट नायिका लिहिली ती बसमध्ये बसायला भिईल होय?"

तिचे बाबा काही बोलत नाहीत. तुला माहीतच आहे, आपल्या घरात नवरा रात्रीपुरता येतो, त्याला बसायला चटई आहे, जमिनीबद्दल बोलायला तोंड नाही. काल मात्र अंधार पडायच्या आधीच आले आणि पाटाचा गाळ उपसून गेले.

मंगळवारची बस धर. गुरुवारी पोचशील.

ताई


मेराक बंदर
२५ मार्च १९८६

ताई,

हे पत्र मागून आलेल्या दुसऱ्या बसच्या कंडक्टरजवळ देतेय. बस पुढे येईल. मी नाही.

यांनी मला बसमध्ये बसवलं, बरोबर भाताची पुडी दिली. मी इथपर्यंत आले. बोटीत गाड्या चढायला लागल्या आणि आम्ही प्रवासी खाली उतरलो. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होते, माझा शब्द मी परत घेते. शंभर वेळा म्हटलं. आणि प्रत्येक वेळी समोर दादा, तोंड न उघडता माझ्याकडे बघतोय. आजूबाजूला सगळं घराणं. तो दातुक म्हणून पुन्हा कुठे मान वर करणार? कॉफीची पोती वाहून त्याच्या खांद्याला घट्टे पडलेत, मी लहानपणी त्यांना तेल लावलंय. बोटीने भोंगा दिला. कंडक्टर म्हणाला, "ताई, चढा." मी म्हटलं, "पिशवी विसरले." पिशवी माझ्या हातात होती.

मी आजारी पडले असं लिहिणार होते. दोनदा लिहून फाडलं. तुला खोटं लिहवत नाही.

नायिकेला मी सतराव्या प्रकरणात बैठकीत उभं केलंय. ती सगळं बोलते. एकही शब्द अडखळत नाही.

मला क्षमा करू नकोस. फक्त गुस्नीला सांग.

एल्मी


लुराह तापियान
३ एप्रिल १९८६

प्रिय मावशी,

सलाम. आई लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. आई बरी आहे. म्हणजे उठते, चूल पेटवते, जेवते.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. मी बसथांब्यावर तुम्हाला घ्यायला गेले होते. तुम्ही उतरला नाहीत, कंडक्टरने पत्र मास्वीरच्या हातात दिलं आणि त्याने माझ्या. मी त्याच्या दुकानातच वाचलं. तो माझ्या गणवेशाला हेम घालत होता.

मावशी, मी तुमच्यावर रागावले नाही. पहिल्यांदा रागावले, मग विचार केला. मामा ओसरीवर आले की मीही आत पळते. पण बैठक सोमवारी होती आणि विडा परत करायला कुणी नव्हतं. मी तिथेच बसून डोकं चालवलं. डोंगर गहाण कशासाठी? मी बिनलग्नाची आहे म्हणून. मी बिनलग्नाची नसले तर?

मी मास्वीरला विचारलं, "तुझ्या आईने दोन वर्षांपूर्वी मागणी घातली होती, ते अजून आहे का?" त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने मान हलवली. मी म्हटलं, "रेडा नाही, मांडव नाही, वाजंत्री नाही. उद्या, शुक्रवारच्या नमाजानंतर." त्याने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली आणि म्हणाला, "शाळेचं काय?" मी म्हटलं, "तू हो की नाही तेवढं बोल." तो हो म्हणाला. चांगला माणूस आहे. बुटका आहे, पण बसल्यावर कळत नाही.

मग मी बाबांकडे गेले. ते त्यांच्या बहिणीच्या घरी कोंबड्यांना दाणे टाकत होते. सगळं सांगितलं. बाबांनी सूप खाली ठेवलं. म्हणाले, "जमिनीबद्दल मला या घरात बोलता येत नाही. बायकोचं घराणं, बायकोचा भाऊ. एकवीस वर्षं मी बोललो नाही. पण निकाहात मुलगी द्यायची असते ती बापाने. तिथे दातुकाचं काही चालत नाही." बोलता बोलता त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं. मी पहिल्यांदा पाहिलं, बाबाही मामांना भितात. तरी कोट घालायला आत गेले.

आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला कोंडून घातलं असतं आणि माझ्या शाळेसाठी डोंगर जाऊ दिला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

काजींनी खूप कुरकुर केली, एवढी काय घाई, आधी कळवायचं असतं. बाबा म्हणाले, "बाप हजर आहे, नवरा हजर आहे, मुलगी राजी आहे. आणखी काय लागतं?" मेहर म्हणून मास्वीरने नमाजाचं पांढरं वस्त्र दिलं, स्वतः शिवलेलं. सगळ्यांना केळीच्या पानात वाफवलेले तांदळाचे गोड लापेक आणि कॉफी दिली. झालं लग्न.

सोमवारी बैठक भरली. मामा बोलायला उठले आणि बाबा दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न झालं. कुणाला एक पैचा खर्च नाही." मग ते दोन म्हातारे, जे तुमच्याकडे आले होते, आपसात कुजबुजले आणि एकजण म्हणाला, "कारणच उरलं नाही तर विडा कशाचा?" कंपनीचा माणूस बाहेर मोटारीत बसला होता. तो तसाच गेला.

मामा गप्प बसले. तुम्ही म्हणता तसेच, मावशी. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. खूप वेळाने ते माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. लापेकही खाल्ला. जाताना ओसरीवर थांबून डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, "आहे तिथेच आहे. मीही आहे." ते कशासाठी म्हणाले मला समजलं नाही. आई म्हणते, तिला समजलं. कालही ते आले होते. मासे आणले होते.

आईला निकाहाचं शुक्रवारी दुपारीच सांगितलं. मला वाटलं, ओरडेल, मारेल, निदान डोंगर वाचला म्हणून रडेल. ती उठली. घागर घेऊन झऱ्यावर गेली. संध्याकाळी परत आली, घागर खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "शाळेला कळवलंस?" मी म्हटलं, "कळवलं." मग तिने पदर तोंडावर घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पण तुमची प्रकरणं ती अजून ऐकते. मास्वीर दर शनिवारी साप्ताहिक आणतो, मी वाचते, ती मिरच्या वाटते. म्हणून लिहितेय. कादंबरीचा शेवट आनंदाचाच करा, संपादकबाईंना हवा तसा. डोंगर राहिला, झरा वाहतोय, घरात लग्न झालं, यात खोटं काहीच नाही. फक्त ती मुलगी शिकायला जाणार होती, हे त्यात कुठे लिहू नका. मला ते मोठ्याने वाचावं लागेल.

तुमची,
गुस्नी